घळीतला बिबट्या

"मीनाक्षी, पुढच्या वर्षी लांबलांबून लोक फरीदाबादला येतील. माझा कडा बघायला!" गुणवंतराव पोळीचा तुकडा मोडत बायकोला म्हणाले.

भूगर्भ खात्यातल्या गुणवंतरावांना कॉलनीमागच्या घळीत खडकांचे थर अगदी स्वच्छ, एकावर एक सापडले होते. पाहणीला येणाऱ्या समितीने या कड्याला प्रमाण-स्थळ ठरवलं, की इतर ठिकाणचे तसले थर याच्याशीच ताडून बघायचे! निवृत्तीआधी एवढं झालं, की जन्माचं सार्थक.

पण स्वभाव असा संशयी, की आरशातल्या माणसालाही विचारतील, "तू इथे कसा?" सध्या संशय होता शेजारच्या टेबलावरच्या सूर्यकांत बिवलकरवर. त्याच्या बुटांना रोज घळीतली लाल माती!

"फिरायला जातो रे," सूर्यकांत म्हणाला. वर हसला!

झालं! कड्यावर हा स्वतःचं नाव लावणार. गुणवंतरावांनी तडक गेटवरच्या चौकीदाराला गाठलं. "घाटी में तेंदुआ देखा मैंने. किसी को बोलना मत!"

संध्याकाळपर्यंत बिबट्याचे दोन बिबटे झाले, सकाळी त्यांना पिल्लं झाली! वनखात्याने पाटी ठोकली, 'सावधान! तेंदुआ क्षेत्र'. सूर्यकांतचे बूट लख्ख झाले. गुणवंतरावांनी त्या दिवशी श्रीखंड मागून घेतलं.

आणि समितीची जीप नेमकी त्या पाटीपाशीच थांबली.

"गुणवंतजी, प्रमाण-स्थल ऐसा चाहिए जहाँ कोई भी जाकर देख सके," अध्यक्ष म्हणाले. "यहाँ तो जान का खतरा है!"

"सर, तेंदुआ-वेंदुआ कुछ नहीं है!"

"आपको कैसे पता?"

तेवढ्यात चौकीदार अभिमानाने पुढे आला. "साहब ने खुद देखा है जी!"

जीप आल्या वाटेने परत गेली.

"घात झाला रे!" सूर्यकांतला रडूच फुटलं. "समितीतले म्हातारे घसरू नयेत म्हणून घळीत पायऱ्या खणत होतो मी. तुला सरप्राइज देणार होतो. थोडंच काम उरलं होतं, आणि तो मेला बिबट्या आला!"

गुणवंतरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पुढच्या वर्षी लोक मात्र खरंच आले. नोएडाहून, गाझियाबादहून, गाड्या भरभरून! कड्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पाटीशेजारी फोटो काढतात.

"अंकल, तेंदुआ सच में देखा था?" परवा एका पोराने विचारलं.

गुणवंतरावांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"सच बोल," ते हळूच म्हणाले, "तुझे सूर्यकांत ने भेजा है ना?"