भावजींनी निवडलेली खात्रीची पद्धत

एखादी गोष्ट नीट करायचं भावजींनी मनावर घेतलं की सुरळीत चाललेल्या कामाचीही धडगत नसे. वहिनींच्या ग्रंथालयातला पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्राम त्यांनीच लिनक्सवर बसवला होता, कंटेनरमध्ये. म्हणजे प्रोग्रामला लागणारं सगळं सामान एका डब्यात बंद. ते डबे चालवणारी यंत्रणा मात्र तेव्हा घाईत, एका टिचकीत उतरवून घेतलेली. हे त्यांना कुसळासारखं सलत होतं.

आज अकराला समिती येणार होती. संगणक ठेवायचा की पुन्हा कार्डं लिहायची, ते ठरणार होतं. संगणकासाठी वर्षभर भांडलेल्या वहिनींनी कार्डं कधीच रद्दीत घातली होती.

"चालतंय ना भावजी? मग आज हात लावू नका."

"वहिनी, टिचकीवर बसवलेल्याचा काय भरवसा? यंत्रणा मूळ बनवणाऱ्यांच्या भांडारातूनच घ्यावी. पंधरा मिनिटांचं काम. तुम्ही बिनधास्त काउंटर सांभाळा!"

मागच्या खोलीत भावजींनी नवी यंत्रणा बसवली आणि ऐटीत डब्यांची यादी मागितली. यादी कोरी! चार हजार पुस्तकं गेली कुठे? त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण गडी माघार घेणारा नव्हता. सूचना पुन्हा वाचल्या, तर पहिलीच ओळ होती, आधी जुनी यंत्रणा काढा. मग नोंदी तर गेल्याच, असं समजून त्यांनी जुनी यंत्रणा डब्यांसकट समूळ उपटून टाकली आणि काल रात्री जपून ठेवलेल्या प्रतीवरून सगळं नव्याने उभं करायला बसले.

तोच वहिनी दारात आल्या. "काय केलंत? बंद पडलं."

"आत्ता बंद पडलं?"

"सकाळपासून छान चाललं होतं. एकोणतीस पुस्तकं दिली मी."

आता भावजींच्या डोक्यात प्रकाश पडला. कोरी यादी नव्या यंत्रणेची होती. डबे जुन्या यंत्रणेत सुखरूप चालू होते आणि ते त्यांनी नुकतेच स्वतःच्या हाताने पुसले होते.

अकराला पाच कमी असताना कालची प्रत सुरू झाली. समिती खूश झाली. अध्यक्षांनी स्वतः एका प्रवासवर्णनाचं नाव टाइप केलं. पडद्यावर उमटलं, कपाट सात, शिल्लक.

"वा, बघू या तरी," म्हणत अध्यक्ष उठले.

ते पुस्तक वहिनींनी आज साडेनऊलाच एका आजोबांना दिलं होतं, पण कालच्या प्रतीत ती नोंद कुठून असणार? वहिनींनी ते हळूच भावजींच्या कानात सांगितलं.

"चला, मी शोधून देतो," भावजी म्हणाले, आणि कपाट सातमधलं एकेक पुस्तक काढून मोठ्या निर्धाराने पाहू लागले.