तात्या, टॅपेट कव्हर आणि अजून एक आटा

आमच्या शेजारच्या तात्यांनी झाकण लावलेली बरणी उघडायची म्हणजे गल्लीतले दोन दांडगे गडी बोलवावे लागत. लोणच्याची असो, नाहीतर खोबरेलाची. "अजून एक आटा!" म्हणायचं आणि आवळायचं. बारामतीत मी राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी माझा गळका नळ इतका घट्ट केला, की पुढं पाणी शेजारून आणावं लागलं. म्हणजे त्यांच्याकडूनच!

बायको वारल्यावर तात्या घरात एकटेच. साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि एक जुनी पांढरी मोटार घेतली. तिला ते "बाईसाहेब" म्हणत, मला नुसतं "बाई", कारण मी शाळेत शिकवते. या बाईसाहेबांच्या इंजिनावरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, कायम तेल गाळायचं. त्याखालचं बुचाचं पॅकिंग तात्या घरीच कापत, तेही माझ्या पोळपाटावर. माझ्या पोळ्यांना ऑइलचा वास!

"बाई, पॅकिंगच हलकं निघालं बगा!" दर वेळी हेच. अहो, आवळून आवळून तुम्हीच त्याचा चोथा करता, हे सांगणार कोण?

एरवी हे चालून गेलं असतं. पण तात्यांची एकुलती एक लेक सुनंदा बाळंतपणाला आली होती. ती इंदापूरच्या एका दवाखान्यात नर्स. रजा संपलेली, सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार. आणि तात्या हटून बसलेले, "माझी नात एसटीत चेंगरत जायची न्हाय. मी सोडणार!"

रविवारी दुपारी बाईसाहेब उघडल्या. नवं पॅकिंग बसलं. मग इंजिनाला पाणी नेणाऱ्या नळीचा पितळी जोड बदलायला घेतला. "अजून एक आटा," तात्या म्हणाले, आणि कटकन नवाच जोड तुटून हातात आला. मी अख्खी बाजारपेठ पालथी घातली, तेव्हा कुठं तसलाच जोड मिळाला.

परत येते तर सुनंदानं बाळ माझ्याकडं दिलं आणि वडिलांच्या हातातला पाना काढून घेतला.

"तात्या, सलाईनची नळी अशी आवळली तर पेशंट जाईल. सरका!"

तिनं जोड बसवला, टॅपेट कव्हरचे बोल्टही सैल करून हलक्या हातानं लावले. "अजून एक..." तात्या पुटपुटले. तिनं नुसतं बघितलं. गाडी चालू केली. तेल नाही, पाणी नाही. हुश्श!

सोमवारी पहाटे निघालो. बाळ धरायला म्हणून मीही शाळेला रजा टाकली. भवानीनगर गेलं, इंदापूर आलं, माझी बडबड काही थांबली नाही आणि इंजिन काही तापलं नाही. सुनंदा वेळेत ड्यूटीवर, बाळ तिच्या सासूच्या मांडीवर. जीव भांड्यात पडला. तात्यांनी मात्र व्याह्यांकडं चहासुद्धा घेतला नाही. "उशीर होतोय," म्हणाले. कसला उशीर, देव जाणे.

परतताना उसाच्या फडाशेजारी त्यांनी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि त्याच्या आड उभे राहिले. ते हलेनात, तशी मी घाबरून उतरले. इंजिनाला काही झालं नव्हतं. तात्या रडत होते.

"घर खायला उठंल आता, बाई. बोलायचं कुणाशी?"

"माझ्याशी बोला की! भिंतीला भिंत आहे आपली."

त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "तुमी दुसऱ्याला बोलू देता व्हय?"

मग बारामती येईपर्यंत मी एक शब्द काढला नाही. तात्या बोलत राहिले, सुनंदा रांगत होती तिथपासून.