पाणी मावणाऱ्या वस्तू

माणूस वस्तूकडे पाहतो तेव्हा ती काय आहे हे पाहत नाही, ती कशाला लागेल हे पाहतो. हे मी एका जाड पुस्तकात वाचलं. आमच्या छत्रपती संभाजीनगरात हे कळायला पुस्तक लागत नाही (मला लागलं, हा माझा दोष). नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसल्यामुळे इथल्या घरांत वस्तूंचे दोनच वर्ग पडतात: पाणी मावणाऱ्या आणि न मावणाऱ्या.

पहिल्या वर्गात बादल्या, हंडे, कुकर आणि नातवाला धावण्यात मिळालेला करंडक (अडीच तांबे). दुसऱ्या वर्गात टीव्ही, देवघर आणि मी. पैकी टीव्हीला आणि देवांना सवलत आहे.

हे वर्गीकरण माझी सून रत्नमाला हिचं. ते अत्यंत शास्त्रीय आहे. शेजारचे साहेबराव निवृत्तीच्या सत्कारात मिळालेला कलश दाखवायला आले, तेव्हा अभिनंदनाआधी तिनं विचारलं, "काका, गळत तर नाय ना?"

"नाय गं! सकाळीच भरून बघितला," साहेबराव अभिमानानं म्हणाले.

अडचण माझ्या पुस्तकांच्या कपाटाची झाली. रत्नमालाला पाण्यासाठी नवं टिपाड (म्हणजे मोठं पिंप) आणायचं होतं आणि त्याला घरात तेवढीच जागा होती.

"बाबा, या कपाटात पाणी किती मावंल?"

"थेंबही नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं (वाद घालायची मला भीती वाटते).

शेवटी तडजोड झाली. दिवसभर घरी मीच असतो. तर नळ आला की नळी लावून भांडी मी भरायची. एक जरी पाणी चुकलं, तर कपाट जाईल. अशा रीतीनं मीही उपयोगी वस्तूंत आलो. मला बरं वाटलं.

पुढच्या खेपेला मी नळाशेजारीच खुर्ची टाकली. डोळा लागू नये म्हणून हातात ते जाड पुस्तक घेतलं. नळ आला, वाहिला आणि गेला.

"अहो, बहिरे झाले का? पाणी चाललं की!" साहेबराव दारातून ओरडले. मी वाचत होतो त्या ओळीवर बोट ठेवून उठलो. तोवर नळातून हवा येत होती.

रत्नमाला रागावली नाही. तिनं फक्त भंगारवाल्याला हाक मारली. कपाट गेलं, टिपाड आलं. पण टिपाडाची तोटी बुडाशी होती आणि खाली बादली जाईना. तेव्हा तिनं माझी जाड पुस्तकं थरावर थर रचली, वर फळी टाकली. भरलेलं टिपाड तसूभरही हललं नाही.

"बाबा, लई कामाची निघाली हो तुमची पुस्तकं!"

या घरात त्यांचं कौतुक पहिल्यांदाच होत होतं. खरं सांगतो, मी सुखावलो.

तुम्हाला कदाचित वाईट वाटलं असेल. करंडकात किती तांबे मावतात, तोटी कुठं होती, बादली का जाईना, हे सगळं तुम्ही नीट ध्यानात ठेवलंत. टिपाडाखाली गेलेली पुस्तकं कोणती होती, हे मात्र तुम्हीही विचारलं नाहीत.