नरहरीमामाचे अठ्ठ्याण्णव गुण

नरहरीने सकाळी उठून आधी बायकोचा फोन उघडला. ब्याण्णव. त्याचे स्वतःचे कालचे गुण होते चोपन्न. त्याने चहा अर्धाच ठेवला.

ही भानगड त्याच्या भाच्याने, दिपेशने, लावून दिली होती. दिपेशचं लग्न एडवणला. नवरदेवाची गाडी आपणच चालवणार, हे नरहरीमामाने गृहीत धरलेलं. पण दिपेश पडला विमा कंपनीतला. त्याने मामा-मामी दोघांच्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. वेग वाढला, ब्रेक कचकन मारला, वळणावर झटका बसला, की ते त्या फेरीचे गुण आपोआप कापायचं. "आठ दिवस सराव करा," दिपेश म्हणाला. "बुधवारी शेवटच्या फेरीला ज्याला जास्त गुण, तो माझी गाडी चालवणार."

नरहरी बावीस वर्षं गाडी चालवत होता. सुलूला लायसन मिळून दोन महिने झाले होते, तेही त्यानेच शिकवल्यावर. आपल्याच हाताने शिकवलेली बायको रोज नव्वदीत खेळते, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. तिच्या चपलांचासुद्धा त्याला राग यायला लागला.

"तू करतेस तरी काय गं?" बुधवारी त्याने न राहवून विचारलं.

"काय करायचंय? पहाटे भावाकडची नीरा पालघरला पोचवते. मडकं पायाशी असतं. सांडली तर गाडी चिकट होते, म्हणून जपून चालवते."

नरहरीला किल्लीच सापडली. सुलू पालघरहून परतल्यावर उरलेलं नीरेचं मडकं फडकं बांधून त्याने शेजारच्या सीटवर ठेवलं आणि बोईसरला कंपनीत निघाला. एकही थेंब सांडला नाही. ॲपने अठ्ठ्याऐंशी दिले. दिवसभर तो मशीनपाशी शीळ घालत उभा होता.

मडकं मात्र आठ तास उन्हातल्या गाडीत होतं. नीरा उन्हात ठेवली की तिची ताडी होते, हे त्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. मत्सराने पेटलेल्या नरहरीला ते आठवलं नाही.

संध्याकाळी बेटेगावजवळ फडक्यातून फेस यायला लागला. नरहरीची नजर रस्त्यावरून मडक्यावर गेली. तेवढ्यात पुढची मोटारसायकल थांबली. त्याने ब्रेक मारला, गाडी हातभर अंतरावर उभी राहिली, आणि मडकं उलटून अर्धी ताडी त्याच्या मांडीवर आली. नाक्यावरचा हवालदार हे सगळं बघत होता.

"उतरा खाली. किती घेतली?"

"साहेब, मी पीत नाय."

"मग वास कसला येतोय?"

"पँटचा हाय."

हवालदाराने मशीनमध्ये फुंक मारायला लावली. शून्य. त्याने परत मारायला लावली. परत शून्य.

"माणूस कोरडा हाय, पँट प्यालेली हाय," हवालदार म्हणाला. "असे गेलात तर पुढच्या नाक्यावर परत अडवतील. घरातलं कोणतरी बोलवा."

घरात सुलूशिवाय कोण होतं? ती रिक्षाने आली. रिक्षावाल्याने खड्डे, कुत्रे, ट्रक, कशाचीच भीड ठेवली नव्हती. पोचेपर्यंत सुलूचा अंबाडा सुटला होता आणि फोनची बॅटरी संपली होती. नवऱ्याची पँट बघून तिने किल्लीसाठी हात पुढे केला. स्टेअरिंगवर बसली. नरहरी खिशात फोन घेऊन शेजारी बसला आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी पोचताच दिपेशचा फोन आला. "मामा, जिंकलात की! शेवटच्या फेरीला अठ्ठ्याण्णव. मामीला अडतीसच. जरा शिकवा तिला."

ॲपला फोन ओळखता येत होता, ड्रायव्हर नाही. सुलूच्या नावावर रिक्षावाल्याची फेरी होती आणि नरहरीच्या नावावर सुलूची. आठ दिवस ज्यासाठी जळला, ते हातात आलं होतं, आणि ते अठ्ठ्याण्णवही तिचेच म्हणून तो आणखी जळला. तरी त्याने छाती पुढे काढली.

"बावीस वर्षांचा हात हाय, दिपेश."

सुलू अंबाडा बांधता बांधता हळूच म्हणाली, "चालवा की तुमीच. मी फक्त भरलेलं मडकं नवरदेवाच्या मांडीवर ठेवीन."

नरहरीने आपल्या ओल्या पँटकडे बघितलं. मग फोन पुन्हा कानाला लावला.

"दिपेश, ऐक. गाडी मामीच चालवेल. गुण माझे जास्त हायत, पण माझं मन मोठं हाय."