‘खोक’ म्हणणारा ज्ञानू हवालदार

पलूसकडच्या आमच्या गावात माणूस माणसाला भेटला की रामराम घालतो. ज्ञानू हवालदार ‘खोक’ म्हणायचा. समोर पाटील असो, पाहुणा असो, नाहीतर देवळातला गुरव. आधी त्याच्या कमरेखाली बघायचा, मग तोंडाकडं. माणूस गोंधळून खोकला की ज्ञानूची नजर त्याच्या जांघेवर. तिथलं धोतर हललं नाही, तर “फिट, जा.” हललं, तर त्या माणसाची त्या दिवशी सुटका नव्हती.

मला हा माणूस कधी आवडला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी चौथीतनं शाळा सोडलेला. गोड लिहायला मला येत नाही.

पलटणीत ज्ञानूनं बंदूक कमी आणि रोग्यांची भांडी जास्त उचलली. लष्कराच्या इस्पितळात, ऑपरेशनच्या वॉर्डात त्याची सगळी नोकरी गेली. तिथं त्यानं हर्निया सोडून दुसरं काही बघितलंच नसावं, कारण पेन्शनीत घरी आल्यावर त्याच्या बोलण्यात दुसरं काही आलं नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला की हातातली जिलबी हातातच ठेवून सुरू व्हायचा.

“ह्यो आजार न्हवं गड्या. पोट म्हंजे सायकलचं टायर, आतडं म्हंजे ट्यूब. टायर इरलं की ट्यूब भाईर डोकावती. त्यात ट्यूबचा काय दोष?”

मग प्रकार सांगायचा. ओझी उचलणाऱ्या गड्यांचा जांघेतला. बाळंतपणं झालेल्या बायकांचा आणि पोट सुटलेल्या व्यापाऱ्यांचा बेंबीतला. कुणाचं आधी पोट फाडलेलं असलं तर त्या जुन्या टाक्यातनं वर येणारा. आणि शेवटी बोट वर करून, “जांघंच्याबी खाली, मांडीच्या तोंडाला एक बारका येतो. सुपारीएवढा. बायकास्नी जास्त. त्यो लय हरामी. दुखत न्हाई, खुपत न्हाई, आन् अडकला की आतडं काळं पडतं.”

“आन् डाक्टर काय करतो, हवालदार?” कोणीतरी टवाळ मुद्दाम विचारायचा.

“भाईर आल्यालं आत सारतो, पिशवीचं तोंड बांधतो आन् भित्तीला नायलॉनच्या दोऱ्यानं रफू घालतो. झालं. खा आता.”

खातो कोण? त्याच्या पंगतीत मठ्ठ्याची घागर भरलेली परत जायची.

भरती जवळ आली की गावातल्या पोरांना आपल्या गोठ्यात रांगेत उभं करून खोकायला लावायचा. “भरतीचा डाक्टर हेच करणार हाय. तितं लाज जाण्यापरीस हितं जाऊ द्या.” त्यात सापडलेली एक-दोन पोरं सांगलीला जाऊन टाके घालून आली आणि पुढच्या भरतीला लागलीही. त्यांच्या आयांनी ज्ञानूला नारळ दिले. तिथनं तो आणखीच माजला.

माझ्या थोरलीला बघायला साताऱ्याकडचे पाहुणे आले होते. आपल्या घराचा दम दिसावा म्हणून मी त्यांच्यादेखत गुळाची ढेप उचलून आत नेत होतो. तेवढ्यात अंगणातनं आवाज आला, “तात्या, ढेप खाली ठेव. खोक.”

पाहुणे माझ्या धोतराकडं बघायला लागले.

“तुज्या बाला जाऊन खोकायला लाव,” मी म्हणालो.

“त्यो फिट हुता,” ज्ञानू म्हणाला.

सोयरीक जमली. पण व्याही अजून भेटला की “तब्येत बरी हाय न्हवं?” विचारतो आणि खाली बघतो.

जांघेत गाठ होती. नव्हती असं मी म्हणत नाही. उभं राहिलं की यायची, आडवं झालं की जायची. पण ती माझी होती, गावाची नव्हती. मी गुपचूप सांगलीला जाऊन कमरेचा पट्टा आणला, धोतराखाली आवळला आणि ज्ञानूशी बोलणं सोडलं.

त्याची बायको, सोनावैनी, फार अबोल बाई. नवऱ्याच्या ह्या नादानं तिला गावात तोंड काढणं नको व्हायचं. नदीवर बायका धुणं धुता धुता एकमेकींना “खोक गं” म्हणून हसायच्या. ही मान खाली घालून पिळा घट्ट करायची. ज्वारीच्या काढणीत तिचं पोट दुखायला लागलं. उलट्या झाल्या. पित्त झालंय म्हणाली, आलं-लिंबू घेऊन पडून राहिली. ज्ञानूनं विचारलं, तर बेंबीवर हात ठेवला, खाली नाही. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं तेव्हा त्यानं तिला उसाच्या ट्रकमध्ये घालून सांगली गाठली.

तो बारकाच होता. सुपारीएवढा. कैक वर्षांचा. आत आतडं काळं पडलेलं. वैनी वाचली नाही.

मयत आणायला गाडी घेऊन मी गेलो होतो. मयताला भांडण बघत नसतात. तिथली नर्स ज्ञानूला सांगत होती, “मी विचारलं त्यांना, घरात एवढं माहीत असलेला माणूस, मग तुम्ही बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, सांगितलं असतं तर त्येनी मलाबी खोकायला लावलं असतं. चारचौघांत.”

ज्ञानूच्या हातात तिचं लुगडं होतं, त्याची तो घडी घालत राहिला. घातलेली घडी मोडायचा, परत घालायचा. टायर नाही, ट्यूब नाही.

त्यानंतर तो रामराम घालायला लागला. नीट हात जोडून. त्याच्या तोंडचा रामराम ऐकून माणसांना कसंतरीच व्हायचं. एकदा भरतीची पोरं आपण होऊन त्याच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली, तर त्यानं म्हशीला वैरण टाकली आणि घरात गेला.

पुढच्या सुगीत माझी गाठ आडवं पडूनही आत जाईना. मी कोणाला बोललो नाही, पण चालणं लपत नाही. सकाळी दारात ज्ञानूची बैलगाडी उभी.

“तात्या, गाडी जुपलीया,” एवढंच म्हणाला. मी गेलो. त्याचं ऐकलं असं कोणी समजू नये. जुंपलेली बैलं ताटकळत ठेवू नयेत, म्हणून गेलो. आमच्या कारभारणीनं गाठोडं बांधलं आणि मागं बसली.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. पाठीत सुई टोचली, पाय मेले, आणि मी जागा असताना माझ्यावर रफू घातला. खरा ताप पुढं. छातीत कफ दाटला आणि खोकावं तर टाके उसवतील असं वाटे. मी दात खाऊन पडलो होतो. ज्ञानू खाटेशी स्टुलावर बसला, माझ्या पट्टीवर तळहात सपाट ठेवला आणि दाबून धरला.

“आता खोक,” तो म्हणाला. “मी धरलंय.”

सोनावैनी गेल्यापासून तो शब्द मी त्याच्या तोंडनं ऐकला नव्हता. एवढ्या हळू तर कधीच नाही. मी खोकलो.

घरी सोडायच्या आदल्या दुपारी तो असाच हात ठेवून बसला होता. कारभारीण पायाशी होती. खिडकीबाहेर बघत ज्ञानू तिला म्हणाला, “वैनी, मला काय सांगू नगा. ह्या तात्यालाबी सांगू नगा. पर कुटं काय असंल, तर हितं बाई डाक्टर हायती. त्यास्नी सांगा.”

तिला काय धाड झालीय, असं मी म्हणणार होतो. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग उठली.

“कुठल्या खोलीत बसत्यात त्या?”

इतकी वर्षं एका घरात राहिलो, मला काही माहीत नव्हतं.

ज्ञानू तिला घेऊन गेला. खोली समोरच होती, खाटेवरनं दिसत होती. ती आत गेली, दार लागलं, आणि ज्ञानू दाराकडं पाठ करून उभा राहिला. पलटणीत पहाऱ्यावर उभं राहतात तसा. एक कंपाउंडर त्या बाजूला आला, त्याला त्यानं हातानंच परत पाठवलं.

तेवढ्यात मला खोकला आला. हाक मारली असती तर तो दार सोडून आला असता. मी माझाच हात पट्टीवर ठेवला आणि खोकला दाबून पडून राहिलो, दार उघडेपर्यंत.