कुरकुरीत, मानक क्रमांक एक

वजनमापे प्रमाणन कार्यालयाच्या मोठ्या साहेबांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलं, त्यामुळे कार्यालयातल्या एकसष्ट कर्मचाऱ्यांचं तळलेलं खाणं बंद झालं. आदेश एका ओळीचा होता आणि त्याखाली सात सह्या होत्या. तळाशी टीप होती : 'सदर निर्णय कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या काळजीपोटी घेण्यात आला असून त्याचा कोणाच्याही वैयक्तिक तपासणी-अहवालाशी संबंध नाही.'

कॅन्टीनच्या काकूंनी आदेश दोनदा वाचला आणि कढई धुऊन पालथी घातली. बावीस वर्षं त्या या कॅन्टीनमध्ये होत्या. कोणाचा चहा किती गोड, कोणाला मिरपूड चालत नाही, कोण घरी भांडून उपाशीपोटी आलंय, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. साहेबांच्या कोलेस्टेरॉलचीही त्यांना अहवालाच्या आधी शंका आली होती, कारण रोज दुपारी चारला बटाट्याच्या कापांची पहिली प्लेट साहेबांच्याच खोलीत जायची.

आठवड्यानं दुसरा आदेश निघाला. साहेबांच्या सुनेनं रविवारी एअर फ्रायरमध्ये रताळ्याच्या फ्राइज केल्या होत्या आणि साहेबांना त्या आवडल्या होत्या. आदेशात हे लिहिलेलं नव्हतं. आदेशात एवढंच होतं, की कॅन्टीनला एक 'उष्णवायु-तळणयंत्र' पुरवण्यात येत असून त्यातून एक महिन्याच्या आत 'कुरकुरीत रताळशलाका' तयार करून त्या प्रमाणित करून घ्याव्यात. अन्यथा कॅन्टीन बंद करून त्या जागी बिस्किटं देणारं यंत्र बसवण्यात येईल.

काकू मटकन स्टुलावर बसल्या. वय अठ्ठावन्न. या वयात नवीन स्वयंपाकघर कोण देणार? आणि कोणी दिलंच, तरी तिथे ही माणसं थोडीच असणार होती! बिस्किटाचं यंत्र कोणाला 'आज डोळे का सुजलेत गं?' असं विचारणार नव्हतं.

इथे या कार्यालयाचं काम सांगायला हवं. गावातले सगळे तराजू, दुधाची मापं, पेट्रोलचे मीटर, कापडवाल्यांच्या पट्ट्या इथे तपासायला येतात. बरोबर निघाली तर त्यांवर शिक्का बसतो. शिक्का असला की किलो हा किलो. नसला तर तो नुसता जड लोखंडाचा तुकडा. असं काम आयुष्यभर केलेल्या माणसांच्या हाती एअर फ्रायर पडला, म्हणजे काय होणार ते उघडच होतं.

खोकं उघडताच भांडारपालांनी हात वर केले. "काकू, ह्याच्यावर अंश आहेत, मिनिटं आहेत. म्हणजे हे मोजमापाचं साधन झालं. शिक्का बसल्याशिवाय मी देऊ शकत नाही."

तपासणीला निरीक्षक आले. त्यांचं खरं नाव सगळे विसरले होते. कार्यालय त्यांना मिलीमीटर म्हणायचं, आणि ते ओ द्यायचे. मिलीमीटरनी यंत्रात तापमापी घातली. बटण दोनशेवर होतं, तापमापी एकशे सत्त्याऐंशी दाखवत होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, कोणाचं तरी पितळ उघडं पडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरला, आणि तेरा अंशांची तूट नोंदवून त्यांनी यंत्र दोरा आणि शिसं वापरून सीलबंद केलं. सील ड्रॉवरच्या मुठीवर होतं.

"अहो, पण मग रताळी आत घालायची कशी?" काकूंनी विचारलं.

"सील तोडणं गुन्हा आहे, काकू."

"ते झालं हो. पण रताळी?"

मिलीमीटरनी थोडा विचार केला. "तपासणीच्या वेळी ड्रॉवर बंद होता," ते म्हणाले. "तो बंद असताना यंत्र उत्तम चालतं."

सील ड्रॉवरवरून हलवावं, या विनंतीला बारा दिवस लागले. शेवटी ते दोन्ही बटणांवरून आडवं बसवण्यात आलं. त्यामुळे आता तापमान दोनशेवर, म्हणजे एकशे सत्त्याऐंशीवर, कायमचं अडकलं होतं आणि वेळेचं बटण फिरत नव्हतं. प्लग लावला की यंत्र सुरू, काढला की बंद. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पदर खोचला.

रताळं हे मोठं फसवं प्रकरण असतं. बटाट्यासारखं त्याला वागवलं, की ते रुसतं, मऊ पडतं, कडा करपतात आणि पोटात शिरा राहतो. काकूंनी आधी दोनदा हात पोळून घेतले. मग त्यांनी रताळ्याच्या सारख्या जाडीच्या सळ्या कापल्या, अर्धा तास गार पाण्यात ठेवल्या, फडक्यावर पसरून अगदी कोरड्या केल्या. वर चमचाभर कॉर्नफ्लोअर भुरभुरलं, दोन चमचे तेल चोळलं, आणि जाळीत एकीला एक न चिकटता मांडल्या. मध्येच एकदा हलवल्या. मीठ मात्र शेवटी घातलं, कारण आधी घातलं की पाणी सुटतं. वीस मिनिटांनी एक सळी तोंडात टाकली आणि बाहेर कुर्रकन आवाज, आत लोण्यासारखा गर! काकू एकट्याच स्वयंपाकघरात खुदकन हसल्या. बिस्किटाच्या यंत्राला त्यांनी मनातल्या मनात वाकुल्या दाखवल्या.

त्यांनी मोठं ताट भरून बाहेर ठेवलं. चार मिनिटांत ताट रिकामं झालं. मिलीमीटरनी सात खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंना खुलासा मागणारं पत्र आलं : 'परीक्षणाधीन नमुना परीक्षणापूर्वीच सेवन होऊ दिल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये?' पत्रावर सही मिलीमीटरची होती आणि कागदाच्या कडेला तेलाचं बोट होतं.

"अहो, तुम्हीच खाल्ल्यात ना? कुरकुरीत होत्या की नाही, सांगा!"

"होत्या. फार सुंदर होत्या," मिलीमीटर हळूच म्हणाले. "पण ते माझं खाजगी मत झालं."

"मग कुरकुरीतपणा ठरवायला जी समिती नेमलीय, तिनं खाऊन बघावं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"काकू, जीभ हे प्रमाणित साधन नाही. माझ्या जिभेवर शिक्का आहे का?" असं म्हणून त्यांनी खरोखरच जीभ बाहेर काढून दाखवली. नव्हता.

समितीचे अध्यक्ष मोठ्या साहेबांच्या हाताखालचे धाकटे साहेब होते आणि सचिव मिलीमीटर. पहिल्या बैठकीत असं ठरलं, की कुरकुर हा आवाज आहे, तेव्हा तो ध्वनिमापकानं मोजावा. सभागृहाची दारं-खिडक्या बंद केल्या, पंखे थांबवले, सगळ्यांनी श्वास रोखले आणि धाकट्या साहेबांनी चावलं. आकडा भरघोस आला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात काकूंना काहीतरी शंका आली आणि त्यांनी साहेबांना एक उकडलेलं रताळं दिलं. आकडा त्याहून जास्त आला. आवाज साहेबांच्या कवळीचा होता. नोंद अशी झाली : 'उकडलेले रताळे अधिक कुरकुरीत आढळले, कारण अस्पष्ट.'

दुसऱ्या बैठकीत भारचाचणी ठरली. सळी दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवायची आणि मध्ये वजन टांगायचं. वाकली तर नापास. चाचणी सोपी होती, अर्ज अवघड होता. त्यात चौदा रकाने होते. नमुन्याची लांबी, रुंदी, जाडी, रंग, रताळ्याचं मूळ वजन, दोन साक्षीदार, साक्षीदारांचे साक्षीदार. सगळं भरून होईतो चाळीस मिनिटं जायची. काकूंची सळी मोठ्या दिमाखात सभागृहात यायची आणि चाळीस मिनिटांनी मान टाकून पडायची. पाच ग्रॅमलाच वाकायची.

"अहो, गरम असताना चार मिनिटं तिची खरी मजा!" काकू काकुळतीला येऊन म्हणाल्या. "आधी चाचणी करा, मग लिहा की!"

"आधी चाचणी?" धाकटे साहेब दचकले. "मग अर्ज भरून उपयोग काय?"

असं पाच वेळा झालं. पाचही वेळा 'नापास' असा शेरा बसला. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला, आणि बिस्किटाच्या यंत्राचं खोकं दारात येऊन उभंही राहिलं. काकूंच्या नाकी नऊ आले होते, पण हातांनी हार मानली नव्हती. त्यांनी शेवटची जाळी मांडली, प्लग लावला, आणि इतक्यात शिपाई सांगत आला, की समितीनं बोलावलंय.

"अहो, वीस मिनिटांनी येते!"

"आत्ताच, काकू. भारचाचणीच्या पाचही बैठकांच्या इतिवृत्तांवर तुमची सही राहिलीय."

पाच इतिवृत्तं मोठ्यानं वाचण्यात आली. दोन ठिकाणी 'सळी' खोडून 'शलाका' करण्यात आलं. काकू खुर्चीच्या कडेवर बसून घड्याळाकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दीड तासानं सुटल्या तेव्हा त्या धावतच स्वयंपाकघरात गेल्या. जाळीत रताळी नव्हती. काळसर तपकिरी काड्या होत्या. काकूंनी एक काडी ओट्यावर टाकली तर ती टणकन उडाली. आता मात्र त्यांना रडू आवरेना.

पण समिती दारात येऊन उभी होती, दुसरा घाणा करायला वेळ नव्हता, आणि नियमाप्रमाणे असेल तो नमुना तपासणं भाग होतं. अर्ज भरून झाला. चाळीस मिनिटं गेली. काडीला काहीच झालं नाही. पाच ग्रॅम, पन्नास, पाचशे. काडी हूं की चूं करेना. मिलीमीटरनी दोन किलोचं वजन टांगलं. काडी ताठ! त्यांनी चौदा वर्षांत इतकं आज्ञाधारक रताळं पाहिलं नव्हतं. मग आवाजाची चाचणी. धाकट्या साहेबांनी चावलं, 'कडाड्' असा आवाज झाला, ध्वनिमापकाचा काटा पार टोकाला गेला, आणि साहेबांची कवळी दोन तुकड्यांत हातात आली.

"निव्विवाव!" धाकटे साहेब बोळक्या तोंडानं म्हणाले. सचिवांनी 'निर्विवाद' असं लिहून घेतलं.

आणि त्या काडीवर शिक्काही बसला. याआधीची एकही सळी शिक्क्यापर्यंत पोचलीच नव्हती. पोचली असती तरी दबून गेली असती. हिच्यावर अक्षर न् अक्षर ठसठशीत उमटलं. ती काडी काचेच्या बरणीत ठेवून मोठ्या साहेबांच्या खोलीत विराजमान झाली. खाली पितळी पट्टी : 'कुरकुरीत, मानक क्रमांक एक'. बिस्किटाचं यंत्र आल्या पावली परत गेलं. काकूंना पेढ्याऐवजी प्रशस्तिपत्र मिळालं, आणि सोबत सूचना, की यापुढे प्रत्येक शलाका मानकाबरहुकूम असावी. वेळ, दीड तास अधिक चाळीस मिनिटं.

काकूंचं स्वयंपाकघर वाचलं, म्हणून त्यांनी देवाचे आभार मानले. आणि आपल्या हातून असलं काही लोकांच्या पोटात जाणार, म्हणून त्याच देवाला चार शब्दही सुनावले. लोखंडाचे चणे चावायचे म्हणतात, ते आता रोज दुपारी चारला चावले जाऊ लागले. तक्रार कोणीच करेना. कशी करणार? मानकावर त्यांच्याच सह्या होत्या. अभिप्रायवहीत एकसष्ट जणांनी 'अतिशय कुरकुरीत' असं लिहिलं. काहींनी गालाला रुमाल धरून लिहिलं.

पण काकू कसल्या ऐकतात! त्यांनी मागच्या खिडकीशी वीस मिनिटांचा वेगळा घाणा सुरू केला. बिनशिक्क्याचा, गरम, वर मीठ-मिरपूड. पहिल्या दिवशी टंकलेखक बाई आल्या, दुसऱ्या दिवशी भांडारपाल, मग मिलीमीटर, इकडेतिकडे बघत. चौथ्या दिवशी खुद्द मोठे साहेब आले. "मी पाहणीला आलोय," ते म्हणाले, आणि प्लेटभर पाहणी करून गेले. सगळे मागे पोटभर खायचे आणि पुढे येऊन मानकाचं कौतुक करायचे. कार्यालयात एवढं खेळीमेळीचं वातावरण कधीच नव्हतं.

एके दिवशी बाहेरचे एक गृहस्थ आले. तुमच्या-आमच्यासारखेच, चांगले शिकलेले, हसतमुख, काखेत पुस्तक. घरचा छोटा तराजू तपासायला दिला होता आणि नंबर यायला वेळ होता, म्हणून त्यांनी प्रमाणित प्लेट मागवली. पहिल्याच घासाला त्यांचा हात गालावर गेला. त्यांनी काडीवरचा शिक्का पाहिला आणि पुटपुटले, "माझेच दात कमजोर झालेत वाटतं."

काकूंना त्यांची दया आली. कामाला खंड होता, म्हणून त्यांनी समोर बसून सगळी हकिगत सांगितली. कोलेस्टेरॉलपासून कवळीपर्यंत, काही न वगळता. गृहस्थ हसून हसून लोटपोट झाले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, मांडीवर थाप मारली. "काय पण माणसं! स्वतःच्या जिभेवर विश्वास नाही आणि शिक्क्यापुढे लोटांगण! काकू, हे कोणीतरी लिहायला हवं!"

काकूंना भरून आलं. इतक्या दिवसांत कोणीतरी शहाणं माणूस भेटलं होतं. त्या लगबगीनं मागे गेल्या आणि आत्ताच निघालेला घाणा प्लेटमध्ये घालून घेऊन आल्या. वाफ निघत होती. "घ्या दादा. चार मिनिटांत खा, नाहीतर मऊ पडतील."

गृहस्थांनी एक सळी उचलली. वास घेतला, डोळे मिटले, 'अहाहा' म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी ती उजेडात धरली, या बाजूनं पाहिली, उलटी करून त्या बाजूनं पाहिली.

"काकू, ह्याच्यावर शिक्का कुठाय?"

"ह्याला नसतो हो."

गृहस्थांनी सळी जपून प्लेटमध्ये परत ठेवली, रुमालानं बोटं पुसली आणि म्हणाले, "मग राहू द्या."