मल्लूअण्णांच्या बारीक होण्याच्या गोळ्या

बारीक व्हायचे म्हणून दिवसातून चार-पाच वेळा पोटभर जेवणारा गृहस्थ आपण कधी पाहिला आहे काय? नसेल, तर तो बेळगावच्या वडगावात माझ्या शेजारच्याच घरात राहतो. मल्लूअण्णा त्यांचे नाव. गल्लीत त्यांना अण्णा म्हणतात, आणि त्यांची पाठ वळली की आणखी काही म्हणतात, ते छापण्याजोगे नाही.

अण्णा मूळचे विणकर. बायको वारली तेव्हा त्यांनी घरातला माग बंद केला आणि एका साडी-व्यापाऱ्याच्या गादीवर बसून माल पारखण्याचे काम धरले. गादीवर बसणाऱ्याला हलावे लागत नाही. गिऱ्हाइकासाठी मागवलेला खव्याचा गोड कुंदा गिऱ्हाइकाने संकोचाने नाकारला, तर तो परत पाठवणे म्हणजे कुंद्याचा अपमान, असे अण्णांचे मत. हा अपमान त्यांनी कधी होऊ दिला नाही. पुढे पुढे असे झाले की दारातून पोट आधी आत येई आणि अण्णा मागाहून त्याची चौकशी करत येत.

एवढ्याने कुणाचे काही अडले नसते. पण निपाणीला दिलेली त्यांची एकुलती एक लेक गोदी हिला दिवस गेल्याचा निरोप आला आणि पेच पडला. आमच्या गल्लीतल्या विणकरांची एक रीत आहे. लेकीच्या पहिल्या ओटभरणाची साडी दुकानातून आणायची नाही. ती बापाने घरच्या मागावर आपल्या हाताने विणायची. जगाला साड्या नेसवणाऱ्याने आपल्या लेकीसाठी दुकानाची पायरी चढावी, यापेक्षा मोठी नामुष्की आमच्याकडे नाही. ओटभरण सातव्या महिन्यात. अण्णांनी मागावरची धूळ झटकली, आडवा धागा टाकायचा धोटा पुसला, खड्ड्यात पाय सोडले, आणि तिथेच अडकले.

आमचे माग जमिनीत खड्डा खणून बसवतात. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली दाबायच्या पावड्यांवर, पोटासमोर कापड गुंडाळायचा लाकडी रूळ आणि पाठीशी भिंत. रूळ आणि भिंत यांच्यामध्ये पूर्वीचे अण्णा आरामात मावत. आताच्या अण्णांना बाहेर काढायला दोन शेजारी आणि मी, असे तिघे लागलो.

त्याच आठवड्यात अण्णा साहेबांच्या वस्तीत, कॅम्पात जाऊन बारीक होण्याच्या गोळ्यांचा डबा घेऊन आले. डब्यावर दोन गोऱ्या साहेबांची चित्रे होती, एक फुगलेला आणि एक वाळलेला, आणि दोघेही सारखेच खूश. ज्या देशात निम्मे लोक औषधाशिवायच बारीक होतात, त्या देशात हा डबा विकायला साहेबाला लाज कशी वाटत नाही, असे मी एक जळजळीत पत्रक लिहिले. अण्णांनी ते वाचले, लई झ्याक लिवलंयस म्हणाले, आणि त्या कागदाने शेंगदाण्याच्या लाडवांचे तूप टिपले.

डब्यातला कागद इंग्रजी. कॅम्पातल्या दुकानदाराने त्याचा मतलब सांगितला होता: प्रत्येक जेवणानंतर एक गोळी, आणि गोळ्या चालू असताना आहार सकस ठेवावा. हे एवढे वाक्य एखाद्या वकिलाच्या हाती पडते तरी त्याची इतकी दशा झाली नसती. अण्णा विणकराच्या डोक्याने विचार करणारे.

“हे बघ पुढारी,” ते मला म्हणाले. पत्रके लिहितो म्हणून मी पुढारी. “धोट्यात सुताच्या कांड्या जास्त घातल्या तर कापड जास्त निघतं. व्हय का न्हाय? मग गोळ्या जास्त घातल्या तर चरबी जास्त निघंल. आन् गोळी तर जेवल्याबिगर घ्यायची न्हाय. मग जेवणं वाढवायला नकोत?”

मी त्या दुकानदाराचा तिथल्या तिथे निषेध केला.

जेवणे वाढली. सकाळी लोणी-भाकरी आणि गोळी. नंतर भरली वांगी, उडदाची आमटी, भात आणि गोळी. ऊन उतरले की गव्हाची गोड हुग्गी, तिच्यावर सढळ हाताने ओतलेले तूप, आणि गोळी. ‘सकस’ हा शब्द त्यांना फार आवडला. सकस भजी, सकस जिलबी, दुसऱ्याच्या लग्नातले सकस बुंदीचे लाडू. एकदा ताप आला तेव्हा त्यांनी सकस लंघन केले. म्हणजे नुसत्या दुधावर राहिले, आणि दुधात शेवया होत्या.

दर सोमवारी ते खड्ड्यात उतरून प्रगती पाहत. प्रगती होत होती, पण पोटाची. गल्लीतल्या बाया ते पाहायला दारात जमत. समोरची गंगाक्का जिभेने तिखट. तिने एकदा सगळ्यांदेखत विचारले, “अण्णा, ओटभरण गोदीचं हाय का तुमचं, ते एकदा ठरवा. म्हंजे आमाला नारळ कुठं न्यायचा ते कळंल.”

अण्णाही सगळ्यांबरोबर हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी रुळावर हात ठेवला तो बराच वेळ तसाच ठेवला. सहावा महिना सरत आला होता आणि मागावर साडीचा एक धागाही नव्हता.

मी सुधारक माणूस, उपाय सुचवणे माझे कामच. दुसऱ्या विणकराकडून विणून घ्या म्हटले. ते म्हणाले, मग दुकानातनं घेतली काय आन् ही घेतली काय. मी म्हटले, राहू द्या, पाठीमागची भिंत कच्च्या मातीची आहे. वीतभर खोबण पाडली की तुम्ही मागे सरकून बसाल. गवंड्याचे एका दिवसाचे काम.

आम्ही तेव्हा जेवत होतो. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

“ऊठ,” ते म्हणाले. “घरी जा तुझ्या.”

ज्या माणसाने दारात आलेल्या सरकारी शिपायालाही उपाशी जाऊ दिले नव्हते, त्याने मला अर्ध्या भाकरीवरून उठवले. मी रागारागाने घरी आलो आणि जुन्या पिढीच्या हटवादीपणावर पत्रक लिहायला बसलो. ते दोन ओळींच्या पुढे गेले नाही.

दोन दिवसांनी त्यांनीच भिंतीपलीकडून हाक मारली. गेलो तर अण्णा ओटभरणासाठी घराला चुना लावत होते. सगळी खोली पांढरीशुभ्र झाली होती. फक्त मागाच्या बैठकीला लागून भिंतीचा एक तुकडा, बसलेल्या माणसाच्या पाठीएवढा, चुन्यावाचून सोडलेला. तिथली माती काळपट, डोक्याचे तेल पिऊन गुळगुळीत झालेली.

अण्णांनी हातातला कुंचला बादलीत ठेवला.

“गोदीची आई हितं टेकून कांड्या भरायची. मी मागावर, ती शेजारी. दिवसभर बोलणं न्हाय. मान वळवायला सवड कुठली? तिच्या चाकाचा आवाज तेवढा यायचा.” त्या मातीवर उडालेला चुन्याचा थेंब बोटाने पुसत ते म्हणाले, “खोबण पाडायला गेलं की ही सगळी भिंत ढासळणार. कच्ची हाय. आता मी जेवायला बसतो ते हिकडं तोंड करून. एकदा बसलं की उठू वाटत न्हाय, बाबा. मग जेवत ऱ्हातो.”

मी बाहेर आलो तो सरळ घरोघर गेलो. कारण कुणाला सांगितले नाही. एवढेच म्हणालो की अण्णांची भिंत मागे जात नाही, तर त्यांचा माग आपण पुढे घेऊ. खड्डा नव्याने खणायचा, खांब उपटून पुन्हा रोवायचे. चार-सहा माणसांचे काम, आणि प्रत्येकाचा स्वतःचा माग तेवढा वेळ बंद. माझ्या आजवरच्या पत्रकांनी या गल्लीत दोन माणसे कधी एकत्र आली नव्हती. पहिली पहार गंगाक्काने आणून दिली, आणि वर म्हणाली की खड्डा जरा ऐसपैस खणा, अण्णांचा गोळ्यांचा डबा अजून संपायचा आहे.

एका सकाळीत माग वीतभर पुढे सरकला. अण्णा पोट आवरून बसले आणि मावले. नंतर कितीतरी दिवस त्या घरातून धोट्याचा आवाज येत होता. गोदी माहेरी आली आणि आपल्या ओटभरणाला हिरवी, तांबड्या काठाची साडी नेसली. साडीचा पोत सुरुवातीच्या टोकाला, अण्णांचा हात बसेपर्यंत, जरा सैल होता. तो कुणाही विणकराच्या लक्षात आला असता. आमच्या गल्लीत सगळेच विणकर, पण कुणी बोलले नाही.

गोळ्या अण्णा अजून घेतात आणि अजून सकस जेवतात. सात समुद्रांपलीकडल्या औषधवाल्यांचा मी तितकाच निषेध करतो. वाचकांपाशी मात्र एकच मागणे आहे. बेळगावाकडे आलात तर वडगावात या. अण्णा आग्रह करतील, बसा, पोटभर जेवा, गोळी दिली तर घेऊ नका. आणि माग असलेल्या त्या खोलीत, बैठकीशेजारच्या चुना न लावलेल्या भिंतीला पाठ टेकू नका.